जरा डावीकडे, डायवरसाहेब

९ जानेवारी

ठमाबाई,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, रोज 'मी मजेत आहे' एवढंच सांगायचं असेल तर फोन करू नका. खरं काही सांगावंसं वाटलं तर लिहा." आणि ठेवून दिलास. अगदी तुझ्या आईसारखा ठेवतेस, खाडकन. म्हणून लिहितोय. आयुष्यभर बस चालवली. लिहायची वेळ आली ती रजेच्या अर्जापुरती, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

अक्षर एवढं मोठं का, म्हणशील. घरात हे जाड पेन तेवढं सापडलं. बाकीची सुकली आहेत.

मी मजेत आहे. (बघ, लिहूनसुद्धा गेलं.) जेवण वेळेवर होतं, झोप छान लागते, संध्याकाळी फिरायला जातो.

सांगण्यासारखं एक घडलं. तुझ्या आईचा वॉकर ती गेल्यापासून तसाच दाराआड उभा होता. खालचा औषधवाला परवा जिना चढून वर आला. बरेच दिवस मी गोळ्या न्यायला उतरलो नाही म्हणून बघायला आला होता. वॉकर पाहिला आणि म्हणाला, "काका, हा हॉस्पिटलला देऊन टाका. कुणाला तरी उपयोगी पडेल. तेवढंच तुम्हालाही ऊन लागेल." मला ऊन लागायला मी काय वाळत घातलेली चादर आहे? पण माणूस भला आहे. त्याच्यासमोर हो म्हणालो आणि अडकलो.

त्या इमारतीत पुन्हा पाय ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं, हे तुला ठाऊक आहे. तरी गेलो. वॉकर कुठे द्यायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. हा म्हणे तिकडे, ती म्हणे इकडे. मी आपला दारातल्या मोठ्या दालनात वॉकर धरून उभा. तेवढ्यात एक उंच, धिप्पाड सिस्टर तरातरा आल्या. "आलात? केवढा उशीर! घाला हे." काही कळायच्या आत माझ्या अंगात स्वयंसेवकांचं निळं जॅकेट. "या बाईंना डायलिसिसला न्या."

मी म्हणालो, "अहो, मी..."

"नवीन आहात, दिसतंय. उतारावरून खाली, मग डावीकडे." आणि गेल्यासुद्धा.

पुढ्यात चाकाची खुर्ची. खुर्चीत शाल पांघरलेली एक किडकिडीत बाई. साधारण तुझ्या आईच्या वयाची. मी खुर्ची धरली, निघालो, तर ती म्हणते, "ड्रायव्हर होतात ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"निघण्याआधी मागे वळून पाहिलंत. कुणी चढायचं राहिलंय का म्हणून."

ठमे, मी हसलो. मोठ्यानं. बाजूनं जाणारा डॉक्टर थबकून बघायला लागला.

बाईंना पोचवून परत आलो आणि सिस्टरना खरं काय ते सांगितलं, की तुम्ही ज्याची वाट बघत होतात तो मी नव्हे, मी वॉकर द्यायला आलोय. त्या हसल्या नाहीत की ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "तो काही आता येत नाही. मंगळवारी येता का?"

मी म्हणालो, "बघू." माझं 'बघू' म्हणजे काय ते तुला माहीतच आहे.

तुझा बाबा


२ फेब्रुवारी

ठमे,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, तुला कामं असतात.

गेलो मंगळवारी. त्याच्या पुढच्या मंगळवारीही गेलो, आणि आता गुरुवारही धरलाय. का गेलो, विचारू नकोस. सकाळी जाग आली आणि आज आपल्याला कुठेतरी जायचंय असं आठवलं. ते बरं वाटलं, एवढंच.

काम साधं आहे. ज्यांना चालवत नाही त्यांना खुर्चीत बसवायचं आणि जिथे जायचंय तिथे न्यायचं. पण साधं म्हणून कुणीही करावं असं नाही हं! उतारावरून खाली जाताना खुर्ची उलटी घ्यावी लागते, नाहीतर माणूस पुढे ओघळतो. लिफ्टमध्ये पाठीकडून शिरायचं, म्हणजे बाहेर पडताना माणसाचं तोंड जगाकडे राहतं. बाकीचे लोक खुर्ची हातगाडीसारखी हाणतात. मी मोठ्या सिस्टरना, म्हणजे त्या जॅकेट घालणाऱ्या सिस्टरना, म्हणालो, आत उतारू बसलाय हे हाताला कळलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच शिकवा त्यांना." झालं, आता शिकवतोय. सिस्टरांचा स्वभाव असा, की तक्रार करणाऱ्याच्याच गळ्यात काम.

मागच्या पत्रात मी जेवण वेळेवर होतं असं लिहिलं होतं. तसं नव्हतं गं. वेळ व्हायची, जेवण व्हायचं नाही. त्या पहिल्या मंगळवारी घरी आलो आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवलो, बसायला जाण्याइतका धीर नव्हता. किती तरी महिन्यांनी भूक लागली होती. फिरायला जातो, तेही खरं नव्हतं. आता जातो म्हणायला हरकत नाही, उतारावरून वर-खाली करून पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात.

त्या किडकिडीत बाई नेहमीच्याच आहेत. आठवड्यातून तीनदा त्यांचं रक्त यंत्रातून काढून धुऊन परत घालतात, आणि त्यानंतर पायांत उभं राहायचं त्राण उरत नाही. पण तोंडात भरपूर आहे. त्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होत्या. पडद्याच्या आडोशाला संहिता घेऊन बसायचं, नट अडखळला की हळूच पुढचा शब्द पुरवायचा. मी विचारलं, "कधी स्टेजवर नाही आलात?" म्हणाल्या, "प्रेक्षकांना माझा आवाज ऐकू गेला की त्या दिवशी मी नापास. असा माझा धंदा." घरी कोणी नाही. मला डायवरसाहेब म्हणतात.

काल तिसऱ्या मजल्यावर जावं लागलं. आजवर टाळत होतो. तिसऱ्याचं काम आलं की दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायचो. काल कोणी नव्हतं. तुझी आई होती त्याच खोलीत एका पेशंटला सोडायचं होतं. खिडकीजवळच्या त्या पलंगावर एक जाडजूड बाई बसल्या होत्या आणि नवऱ्याला झाडत होत्या, "चष्मा आणायला सांगितला तर माझा सोडून स्वतःचा घेऊन आलात!" तो बिचारा दोन चष्मे लावून उभा, एक नाकावर, एक कपाळावर. माझ्या पेशंटला बसवून मी बाहेर आलो आणि जिन्यात थोडा वेळ बसलो. मग खाली जाऊन पुढचा उतारू घेतला.

हे कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं.

बाबा


६ मार्च

ठमाबाई,

औषधवाल्यानं काल रक्तदाब मोजला. पट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा मोजला. म्हणाला, "काका, यंत्र बिघडलंय की तुम्ही सुधारलात?" रात्रीची झोपेची गोळी मी आपली आपणच विसरायला लागलो होतो. त्यानं आता ती रीतसर बंद करायला सांगितलंय, डॉक्टरांना विचारून.

दुसरी बातमी तितकीशी चांगली नाही. मी पकडला गेलो.

प्रॉम्प्टरबाईंना घेऊन चाललो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "थांबा. समोरच्या पाटीवर काय लिहिलंय?"

मी म्हणालो, "बाहेर जाण्याचा मार्ग."

"ते कॅलेंडर आहे."

मी पुढे वाकून पाहिलं.

"उजवा डोळा की डावा?"

"उजव्यानं काही दिसत नाही. डाव्यानं थोडं, धुक्यातून दिसावं तसं."

"मग इतके दिवस खुर्ची कशी चालवताय?"

रस्ते पाठ करून, म्हटलं. नव्या रूटवर पहिले काही दिवस तसंच करतो आम्ही. कुठे वळण, कुठे खड्डा, कुठे उतार. हॉस्पिटलात खड्डे तरी कमी.

मला वाटलं, आता ही बाई सिस्टरना सांगणार. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वळणावर मान जराशीही न वळवता कुजबुजल्या, "जरा डावीकडे, डायवरसाहेब. पुढे बादली आहे." इतक्या हळू, की फक्त मला ऐकू यावं. तेव्हापासून तसंच चाललंय. त्या बघतात, मी ढकलतो. शेजारून जाणाऱ्याला पत्ता लागत नाही. कोण उजवीकडून येतंय, कुठे फरशी ओली आहे, एवढंच नाही, तर कोणती नर्स आज रडून आलीय आणि तिच्याशी जरा जपून बोला, हेसुद्धा सांगतात.

तर मोठ्या अक्षराचं कारण तुला आता कळलं असेल. घरात पेनं भरपूर आहेत.

तो विषय काढायचा नाही असं तू ठरवलंयस, म्हणून मीही काढत नाही.

बाबा


२० मार्च

ठमे,

सध्या हॉस्पिटलात जात नाही. गुडघा जरा दुखतोय. विश्रांती घेतोय. काळजीचं कारण नाही.

मी मजेत आहे.

बाबा


२७ मार्च

ठमे,

गुडघा ठणठणीत आहे.

झालं असं. एक दिवस मी जास्तीचा गेलो होतो, तो प्रॉम्प्टरबाईंचा वार नव्हता. एका म्हातारबुवांना घेऊन चाललो होतो, बोलके, मजेशीर गृहस्थ. रस्ता मला पाठ होता, पण कुणीतरी दोन फळ्यांच्या दाराची एक फळी ओढून घेतली होती, ते पाठ नव्हतं. त्यांचा पाय त्यावर आपटला. अंगठ्याचं नख निघालं, रक्त आलं. ते स्वतः म्हणत होते, "जाऊ द्या हो, नख आहे, पुन्हा येईल." पण मोठ्या सिस्टर आल्या. पट्टी बांधून झाल्यावर मला बाजूला घेतलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"काका, तो बोर्ड वाचा."

मला बोर्ड आहे हेच दिसेना.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझं जॅकेट स्वतःच्या हातानं काढलं आणि म्हणाल्या, "हे मी कुणाला देत नाहीये. इथे हुकाला टांगतेय. डोळे करून या आणि घेऊन जा."

घरी आलो. पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं. सकाळी उठायचं कशाला, कुणासाठी. भूकही गेली. पूर्वी हे वर्षभर चाललं होतं, तेव्हा मला ते जाणवलंही नव्हतं. आता मधे काही दिवस बरे गेले होते ना, म्हणून जाणवायला लागलं. औषधवाला दोनदा दार वाजवून गेला, मी उघडलं नाही.

मग काल फोन आला. प्रॉम्प्टरबाई. नंबर सिस्टरांकडून काढला होता.

"नव्या बाई आल्यात ढकलायला," त्या म्हणाल्या. "ब्रेक लावतात की सूड उगवतात कळत नाही. तुम्ही कधी येताय?"

मी म्हणालो, "मला काढलंय."

"काढलेलं नाही. जॅकेट मी जाता येता बघते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? का करून घेत नाही?"

मी म्हणालो, घाबरत नाही. आणि मग कसं कोण जाणे, सांगून टाकलं. तुझी आई गेल्यावर मुलगी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली होती. मी तिला म्हणालो होतो, "आता बघण्यासारखं उरलंय काय?"

 मग त्यांनी विचारलं, "हे म्हणालात तेव्हा ती कुठे होती?"

"माझ्यासमोर. जेवत होती."

"बरं. मग?"

मला पुढे बोलताच येईना. मी वाट बघत होतो, की आता त्या काहीतरी बोलतील. नटाला पुढचा शब्द पुरवणं हाच त्यांचा जन्माचा धंदा, पण काल पुरवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता त्यांचा. मला आठवलं, तू ताट उचललंस, घासलंस, पुसून जागेवर ठेवलंस, आणि दुसऱ्या दिवशी तुझी बॅग दारात होती. मला तेव्हा वाटलं होतं, तुझी रजा संपली असेल.

आज डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. औषधवाल्याच्या स्कूटरवरून. आधी उजवा करणार आहेत, तारीख आहे १८ एप्रिल. खरं सांगू? मी आशेनं वगैरे गेलो नाही. मला माझं जॅकेट परत हवंय. मंगळवार-गुरुवार हवेत. तिथे माझी कुणीतरी वाट बघतं आणि मला उशीर झाला तर रागावतं, ते हवंय. स्वार्थच म्हण.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ऑपरेशनच्या दिवशी सोबत कोण असेल?" मी सवयीनं म्हणणार होतो, कोणी नको, मी येईन एकटा. पण गेले दोन-अडीच महिने मी खुर्चीत बसणारी माणसं बघतोय. काही जण बसताना शंभर वेळा माफी मागतात, तुम्हाला त्रास, तुम्हाला त्रास करतात, आणि खुर्ची जड होते. काही जण नुसतं "चला" म्हणून बसतात. त्यांना न्यायला बरं वाटतं. ढकलणाऱ्यालाही त्यात काही मिळतं, हे बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. तू मला हाताला धरून न्यायला बघत होतीस आणि मी चाकं घट्ट धरून बसलो होतो.

मी म्हणालो, "मुलगी आहे. लांब असते. विचारून सांगतो."

ठमे, येशील का? रजा मिळत नसेल तर औषधवाला यायला तयार आहे, अडणार काही नाही. पण तू यावंस असं मला वाटतं.

तुझा बाबा


३० मे

ठमाबाई,

तुला विमानात बसवून घरी आलो तेव्हा घर मोकळं मोकळं वाटलं, पण पहिल्यासारखं नाही. तू फ्रिजवर थेंबांच्या वेळा लिहून चिकटवलेला कागद मी काढलेला नाही. थेंब संपले तरी राहू दे. आणि हो, तू म्हणतेस तशी माझी भिंत मळकी आहे, आता मलाही दिसते. इतकी वर्षं मी ती पिवळी समजत होतो. रंगवून घेईन.

पट्टी काढली त्या दिवशी तू माझ्यापुढे वाकून विचारलंस, "काय दिसतंय?" आणि मी म्हणालो, "तुझ्या भुवईवर तीळ आहे." तू म्हणालीस, "तो जन्मापासून आहे, बाबा," आणि मग आपण दोघंही उगाच रडलो आणि नर्सनं आपल्याला झापलं, डोळ्यात पाणी आणायचं नाही म्हणून. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते आता कागदावर आणत नाही. तुला कळलंय, असं तुझ्या परवाच्या फोनवरून वाटलं. फोन हळू ठेवलास या वेळी.

आता तू गेल्यानंतरचं सांगतो. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. मागच्या मंगळवारी गेलो. मोठ्या सिस्टरनी पुन्हा बोर्ड वाचायला लावला. वाचला. शेवटच्या ओळीत शुद्धलेखनाची चूक होती तीही दाखवली. त्या म्हणाल्या, "झालं समाधान? घाला जॅकेट." या वेळी हसल्या.

पहिला उतारू प्रॉम्प्टरबाईच. तुला त्या किती आवडल्या होत्या, "बाबा, तुमच्या मैत्रीणबाई फार डांबिस आहेत" म्हणाली होतीस. मी खुशीत होतो. सगळं लख्ख. बादली दिसली, बाजूनं घेतली. दार दिसलं, थांबलो. डायलिसिसपर्यंत न चुकता पोचलो आणि म्हणालो, "कशी काय वाटली गाडी?"

"झकास," त्या म्हणाल्या. एवढंच. वाटेत एक शब्द बोलल्या नव्हत्या, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

गुरुवारीही तेच. मान खाली, शाल घट्ट. शेवटी मी खुर्ची कडेला घेतली आणि समोर जाऊन उभा राहिलो. "काय बिनसलंय?"

"काही नाही. बरं झालं तुम्हाला दिसायला लागलं."

"पण?"

त्या जरा वेळ शालीच्या दशा ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "मी इथे आले की चार तास ते यंत्र माझं काम करतं. बाकी वेळ कुणी उचलतं, कुणी ढकलतं, कुणी सुई टोचतं. सगळे माझ्यासाठी. तुम्हाला घेऊन जायचे ना, तेवढी वाट मी कुणासाठी तरी असायचे. आता ते काम गेलं. मूर्खासारखं आहे, माहीत आहे मला."

ठमे, बघ. आणि मला वाटत होतं, की त्या इतके दिवस माझ्यावर उपकार करताहेत!

मी खुर्ची फिरवली. त्या म्हणाल्या, "अहो, इकडे कुठे?" मी थेट मोठ्या सिस्टरांच्या टेबलापाशी नेऊन उभी केली. म्हणालो, "सिस्टर, मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा वॉकर कुठे द्यायचा ते मला कुणीही सांगू शकलं नव्हतं. रोज दारात माणसं अशीच गोंधळून उभी असतात. या बाईंना इमारतीचा कोपरा अन् कोपरा ठाऊक आहे. मला आंधळ्याला यांनीच फिरवलंय."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हाला दिसत नव्हतं हे यांना माहीत होतं?"

प्रॉम्प्टरबाई म्हणाल्या, "हो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"नाही."

"त्या म्हातारबुवांचं नख गेलं."

"त्या दिवशी मी नव्हते," बाई म्हणाल्या. "पण चूक माझीही आहे."

सिस्टरनी हातातली फाइल मिटली. मग खण उघडला आणि एक निळं जॅकेट काढून टेबलावर टाकलं. "यंत्रावर जाण्याआधी एक तास दालनात बसायचं, लोकांना वाट सांगायची. थकवा वाटला तर लगेच सांगायचं, लपवायचं नाही. लपवाछपवी खूप झाली तुमची दोघांची. आणि मोठ्यानं बोलायचं, दालनात फार गोंगाट असतो."

"मोठ्यानं?" बाई म्हणाल्या. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी, शनिवारी, त्यांना जमेना. एक बाई बाळ घेऊन आली, सांगितलेलं तिला ऐकूच गेलं नाही, तीनदा "काय?" म्हणाली आणि निघून गेली. माझा वार नव्हता, तरी मी जाऊन लांबून बघत होतो. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाऊल पुढे पडत होतं. त्यांनीच हातानं मला थांबवलं.

आज मंगळवार. मी एका आजोबांना घेऊन उतारावरून वर येत होतो, अजून दालन दिसतही नव्हतं, तोच आवाज आला. खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा. "डोळ्यांचा विभाग? सरळ जा, मग उजवीकडे, घाई करू नका, डॉक्टर आताच आत गेलेत. पुढे कोण? या, या, असे समोर या!" आजोबा म्हणाले, "कोण हो या बाई?" वर पोचलो तर त्या दारासमोर ताठ बसलेल्या, शाल खुर्चीच्या पाठीवर टाकलेली, निळं जॅकेट खांद्यांना जरा मोठं होतंय, आणि भोवती हा घोळका. मी बघतच उभा राहिलो.

तर सगळ्यांच्या डोक्यांवरून मला ओरडल्या, "अहो डायवरसाहेब, रस्त्यात गाडी काय उभी केलीत? लोकांना जायला जागा द्या!"

अख्खं दालन हसलं. मी गाडी बाजूला घेतली.

तुझा बाबा